वानरसेनेतील जागा

काही कलाकृती पाहावयास आपल्याला जावे लागते, आणि काही आपण होऊन पंचांगातून आपल्या दारी येतात. पहिल्या प्रकारच्या कृतींची आपण परीक्षा करतो; दुसऱ्या प्रकारच्या कृतींचे आपण स्वागत करतो. चैत्र शुद्ध नवमीस दुपारी बाराच्या ठोक्याला पाळण्याची दोरी ओढली जाते, सुंठवड्याची चिमूट तळहातावर पडते, आणि त्याच सुमारास कोठल्या तरी माजघरातून, देवळातून वा मांडवातून गीतरामायणाचे सूर कानी येतात. ते आले नाहीत तर जन्मकाळ उरकला, पण नवमी झाली नाही, असे मनास वाटत राहते. एखादी कृती अशी पंचांगात जाऊन बसली म्हणजे तिला दीर्घायुष्य लाभते हे खरे. पण त्याबरोबर तिच्यावर एक संकटही ओढवते. तिच्यात कानामात्रेचा फरक करण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. आणि ज्या गोष्टीला हात लावण्याची चोरी होते ती हळूहळू देव्हाऱ्यात जाते, व देव्हाऱ्यातल्या गोष्टीवर फुले पडत असली तरी तिच्याशी बोलणे बंद होते. तेव्हा उत्सवाच्या कृतीला नवे रूप द्यावे की नाही, आणि द्यावयाचे तर कोणत्या मापाने, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. आम्हांस तो गेल्या काही वर्षांत आमच्या कोल्हापुरातच पडला. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी आम्हांस थोडे समुद्रापलीकडेही जाऊन यावे लागले.

गीतरामायणाचा आणि कोल्हापूरचा संबंध केवळ श्रोत्याचा नाही. त्याचे संगीतकार सुधीर फडके हे या गावचेच. २५ जुलै १९१९ रोजी त्यांचा जन्म येथे झाला, आणि गाण्याचे धडेही त्यांनी येथेच वामनराव पाध्ये यांजपाशी घेतले. कवी ग. दि. माडगूळकर हे माणदेशचे. पण चित्रपटसृष्टीतील त्यांची उमेदवारी कोल्हापुरात झाली. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या शुक्रवारी, पुणे आकाशवाणीवरून या मालेतील पहिले गीत ऐकू आले. दर आठवड्यास एक नवे गीत, असा क्रम वर्षभर चालला. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे बावन्नाऐवजी ५६ गीते झाली, आणि १९५६ च्या रामनवमीस मालेची सांगता झाली. ज्या घरी रेडिओ असे तेथे शेजारपाजारची मंडळी जमत, यंत्राला हार घालीत, उदबत्ती लावीत, आणि मग हात जोडून बसत. नभोवाणीच्या पेटीला मराठी माणसाने देवाचा मान दिला तो बहुधा त्याच वर्षी.

आता हेच रामायण गाण्याबरोबर नाचलेही जाते. भरतनाट्यम् आणि कथक शिकविणारे वर्ग आज जिल्ह्याच्याच काय, तालुक्याच्या गावीही निघाले आहेत. आणि वर्ग निघाला की वर्षातून एकदा रंगमंचावर येणे आलेच. त्यासाठी रामनवमीसारखा मुहूर्त नाही व गीतरामायणासारखी तयार संहिता नाही. प्रसंग ठरलेले, पात्रे ओळखीची, चाली प्रत्येकाच्या ओठावर. इंग्रजीत ज्याला बॅले म्हणतात आणि आपण ज्याला नृत्यनाटिका म्हणतो, तसला हा खेळ महाराष्ट्रातील कितीतरी गावांत चैत्रात उभा राहतो.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. सारी पेठ त्यांना अण्णा म्हणते. १९५५ साली ते दहा वर्षांचे होते. शेजारच्या वकिलांच्या ओसरीवर बसून ती छप्पन्नही गीते त्यांनी ऐकली, आणि त्यांतील एकही चुकले नाही असे ते आजही अभिमानाने सांगतात. या नृत्यनाटिकांवर त्यांचा रोष आहे. "अहो, गीतरामायण डोळे मिटून ऐकायचं असतं," ते आम्हांस म्हणाले. "डोळे मिटले की मला माझा राम दिसतो. तुम्ही तो नाचवून दाखवलात की माझा राम गेला, आणि कोणाची तरी मुलगी मुकुट घालून उभी राहिली."

अण्णांचा हा आक्षेप हसून सोडून देण्याजोगा नाही. शब्द आणि सूर यांनी श्रोत्याच्या मनात जे चित्र उभे राहते ते त्याचे स्वतःचे असते. रंगमंचावरचे चित्र सर्वांना सारखेच वाटले जाते. कानाने मिळविलेली संपत्ती डोळ्यांनी हिरावून घेतली, अशी ही तक्रार आहे, आणि ती ललितकलांच्या जुन्या भांडणांपैकी एक आहे. तथापि अण्णा ज्याला मूळ म्हणतात त्या मुळाचाही थोडा शोध घेतला पाहिजे. रेडिओवर जे गीतरामायण झाले ते एका गळ्याचे नव्हते. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे कितीतरी आवाज त्यात होते. ज्याचे पात्र त्याचा गळा, अशी ती योजना होती. पुढे सुधीर फडक्यांनी एकट्याने, पेटीपुढे बसून, साऱ्या पात्रांची गीते आपल्याच कंठातून गाण्याचा क्रम सुरू केला. दशरथही तेच, कौसल्याही तीच. आज आपण ज्याला गीतरामायणाचे खरे रूप समजतो, ते बहुतांशी हे दुसरे रूप आहे; आणि ते देणारा दुसरा कोणी नसून पहिले रूप देणाराच होता. नव्या मांडणीचा पहिला अपराध, जर तो अपराध असेल तर, संगीतकाराने स्वतःच केला आहे.

त्याहून मागे जावयाचे तर वाल्मीकींच्या दारापर्यंत जावे लागते. रामायण प्रथम कोणी गाइले? दोन मुलांनी. कुश आणि लव हे आश्रमातील विद्यार्थी; गुरूने शिकविलेले काव्य वीणेच्या लयीवर गात ते अश्वमेधाच्या मंडपात आले, आणि ऐकावयास बसला होता तो काव्याचा नायकच. माडगूळकरांनीही आपल्या रामायणाचा आरंभ याच प्रसंगाने केला. अश्वमेध हा मोठा उत्सव. तेथे जमलेला समाज हा उत्सवाचा समाज. आणि गाणारी शाळकरी वयाची मुले. म्हणजे शिक्षकाने बसविलेला, विद्यार्थ्यांनी केलेला आणि थोरामोठ्यांनी पुढच्या रांगेत बसून पाहिलेला उत्सवी खेळ हीच रामायणाची पहिली जाहीर आवृत्ती होती. स्नेहसंमेलनाला नाके मुरडणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

रामायणाला नृत्याचे रूप देणे हेही आजचे खूळ नव्हे. उदयशंकरांच्या अलमोड्याच्या केंद्रात तयार झालेले शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत लिटल बॅले ट्रूप ही संस्था काढली, आणि तिच्या रामायणात जिवंत माणसांना कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे नाचविले. क्षयाने पोखरलेल्या शरीरानिशी त्यांनी हे काम केले, आणि १९५४ साली ते गेले. संस्था पुढे गुल बर्धन यांनी चालविली. आणि बाहुल्यांची कल्पना तरी आपल्याला परकी कोठे आहे? कोल्हापुराहून घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीस गेले, तर तेथील ठाकर मंडळी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांतून रामकथा पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. लाकडाच्या बाहुलीत राम दिसू शकतो, तर मुकुट घातलेल्या मुलीत तो दिसण्यास काय हरकत असावी, हे आम्हांस उमगत नाही.

पण येथे एक पेच उत्पन्न होतो. बदल पूर्वीही झाले म्हणून आजचा प्रत्येक बदल चांगला, असे म्हणता येत नाही. घराला खिडकी पाडणे निराळे आणि भिंत पाडणे निराळे. मग उत्सवाच्या कृतीत खिडकी कोणती व भिंत कोणती, हे ओळखावे कसे? यासाठी ज्या लोकांनी एकच नृत्यनाटिका वर्षानुवर्षे, त्याच सणाला, हजारो वेळा केली आहे त्यांचा अनुभव पाहणे उपयोगाचे होईल. असे लोक पाश्चात्त्य देशांत आहेत. त्यांचा सण नाताळ आणि त्यांची कृती नटक्रॅकर.

या नावाचे मराठी भाषांतर करू गेल्यास अडकित्ता असेच करावे लागेल, आणि मग प्रियकर-प्रेयसी, राजवाडे, हंस अशा विषयांवर पोसलेल्या त्या तरल कलेत एकदम पानाचा डबा अवतीर्ण होतो. परंतु यात हसण्यासारखे फार नाही. आपल्याकडेही अडकित्त्यांना मोर, घोडे आणि माणसे यांचे आकार देण्याची हौस होती. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते पाहिले म्हणजे सुपारी कातरण्याच्या साध्या हत्यारावर कारागिरांनी किती जीव लावला हे कळते. तिकडचा अडकित्ता अक्रोड फोडण्याचा, लाकडाचा आणि शिपायाच्या आकाराचा. नाताळच्या रात्री तो एका मुलीला भेट मिळतो. मध्यरात्री तो जिवंत होऊन उंदरांच्या राजाशी लढतो. आणि मग राजपुत्र होऊन तिला मिठाईच्या देशात नेतो. एवढीच गोष्ट. मूळ कथा जर्मन लेखक हॉफमन याची, १८१६ सालची. फ्रेंच लेखक ड्यूमा याने तिला सौम्य केले, आणि चायकोव्स्कीच्या संगीतावर डिसेंबर १८९२ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की नाट्यगृहात तिचा पहिला खेळ झाला.

तो खेळ फारसा वठला नाही. टीकाकारांनी जे दोष काढले त्यांत एक दोष असा होता की, पहिल्या अंकात पोरांचाच भरणा फार आहे. जाणत्या रसिकांनी पैसे मोजून यावे ते निष्णात नर्तकींची पावले पाहावयास. आणि येथे अर्धा वेळ लहान मुलेच रंगमंचावर धावत आहेत! पुढल्याच वर्षी चायकोव्स्की वारला. आपली ही कृती जगभर नाताळचे दुसरे नाव होणार आहे, हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल.

ती तशी झाली अमेरिकेत. १९४४ च्या नाताळात सॅन फ्रान्सिस्कोच्या मंडळीने तेथील पहिला संपूर्ण खेळ केला, आणि १९५४ साली न्यूयॉर्क सिटी बॅलेसाठी जॉर्ज बॅलन्शीन याने आपली मांडणी सिद्ध केली. हा बॅलन्शीन सेंट पीटर्सबर्गचा. मारिन्स्कीच्या नृत्यशाळेत असताना याच नाटिकेत तो उंदीर झाला होता, आणि पुढे छोटा राजपुत्रही. टीकाकारांना जो दोष वाटला तोच त्याने आधारस्तंभ केला. त्याच्या मांडणीत एकेका खेळाला साठेक मुले नाचतात. आज अमेरिकेतील कित्येक नृत्यमंडळ्यांच्या वर्षाच्या तिकीटविक्रीचा मोठा वाटा या एका नाटिकेतून येतो. पण पैसा हा परिणाम आहे. कारण निराळे आहे. शहरातील घराघरांतले कोणी ना कोणी मूल कधीतरी त्या खेळात उंदीर, शिपाई वा देवदूत झालेले असते. प्रेक्षक खेळ पाहावयास येत नाही. तो आपले मूल कोठवर आले, आणि आपले बालपण कोठे राहिले, हे पाहावयास येतो. कृती तीच राहते, माणसे तिच्यातून वाढत जातात. उंबरठ्यावर दरवर्षी मुलाची उंची मोजून खूण करावी, तसा हा उत्सवाचा खेळ आहे.

आता नव्या मांडणीची गोष्ट. शिकागो शहरातील जॉफ्री बॅले या मंडळीने डिसेंबर २०१६ मध्ये आपला जुना नटक्रॅकर बाजूस ठेवून क्रिस्तोफर व्हील्डन याच्याकडून नवा करून घेतला. पूर्वी नाताळची मेजवानी होई ती श्रीमंताच्या दिवाणखान्यात. व्हील्डनने ती नेली १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या आवारात. ज्या प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्मपरिषद भरली व स्वामी विवेकानंदांचे नाव जगाला कळले, तेच हे प्रदर्शन. पण व्हील्डनने उभे केले ते त्याचे दिव्यांनी झगमगणारे रूप नव्हे, तर त्याच्या आदल्या नाताळातले, अर्धवट बांधलेले रूप. नायिका श्रीमंताची कन्या राहिली नाही. परदेशातून पोटासाठी आलेल्या एका विधवा मूर्तिकार स्त्रीची ती मुलगी झाली. मायलेकरे मजुरांच्या वस्तीत एका झोपडीवजा घरात राहतात, आणि मेजवानी करतात ते प्रदर्शन उभारणारे कामकरी. आपले शहर ज्या हातांनी उभे राहिले त्या हातांना शहराच्या नाताळात जागा मिळाली. संगीत तेच राहिले, लाकडी शिपाई तोच राहिला, मुलांची पावलेही राहिली. दिवाणखाना तेवढा गेला.

हा फरक आम्हांस पटला, आणि का पटला याचा विचार करता आमच्या प्रश्नाचे माप आम्हांस सापडले. उत्सवाच्या कृतीला कोणी नवे रूप दिले, तर त्याने काय मोडले हे आधी विचारू नये. त्याने कोणासाठी जागा केली, आणि कोणाची जागा काढून घेतली, हे विचारावे. जागा वाढली असेल तर ती खिडकी. जागा गेली असेल तर ती भिंत.

हे माप घेऊन आता आपण कोल्हापुरास परत येऊ. काही वर्षांपूर्वी येथील एका उत्सवमंडळाने गीतरामायणावरील नृत्यनाटिका भव्य प्रमाणावर व नव्या स्वरूपात करण्याचे ठरविले. तोवर त्या मांडवात नवमीच्या संध्याकाळी गावातल्या एका नृत्यवर्गाची मुले नाचत असत. या वेळी मोठ्या शहरातून व्यावसायिक नर्तक आले. रंगमंचामागे एलईडीचा विशाल पडदा लागला. खेळ उत्तम झाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नर्तकांची तयारी अशी होती की जटायुवधाच्या वेळी सारा मांडव स्तब्ध झाला, आणि टाळ्या वाजविण्यात आम्हीही मागे राहिलो नाही. मग सेतुबंधनाचा प्रसंग आला. पडद्यावर हजारो वानर उसळले, पर्वत उचलू लागले, समुद्रात फेकू लागले. इतकी मोठी वानरसेना कोल्हापुराने पूर्वी पाहिली नव्हती. आणि आमच्या पुढच्या रांगेत, आपापल्या आईबापांच्या शेजारी, गेल्या वर्षीची वानरसेना बसली होती. चौदा-पंधरा मुले असतील. पडद्यावर इतके वानर असल्यामुळे यांची गरज उरली नव्हती. त्यांतील एका मुलाचे हात मांडीवर, कोणास दिसणार नाही अशा बेताने, दगड उचलीत होते आणि टाकीत होते. त्याची गेल्या वर्षीची पावले त्याला पाठ होती.

त्यानंतर दोन वर्षांनी त्याच वर्गाने एका मंगल कार्यालयात आपला स्वतंत्र खेळ केला. येथेही मांडणी नवीच होती. वर्गाच्या बाईंनी गीतांची निवड बदलली, काही प्रसंग गाळले, आणि सेतुबंधन चांगले लांबविले. पडदा नव्हता. समुद्र म्हणजे मुलांच्या आयांनी दोन बाजूंनी धरून हलविलेल्या निळ्या साड्या. राम एका मुलीने केला, रावणही मुलीनेच. आणि सर्वांत धाकट्या मुलांसाठी बाईंनी एक भूमिका वाढविली होती : खारीची. वाल्मीकींच्या रामायणात खार नाही. ती लोककथेतून आली आणि आपल्या भाषेत खारीचा वाटा ठेवून गेली. सहा खारी, पाचव्या-सहाव्या वर्षाच्या, अंगाला वाळू फासल्याचा अभिनय करीत साड्यांच्या लाटांतून इकडून तिकडे पळाल्या. दोघींची टक्कर झाली. वानर प्रेक्षकांतून चालत आले, तेव्हा पहिल्या रांगेत डोळे मिटून बसलेल्या अण्णांना वाट देण्यासाठी पाय आखडून घ्यावे लागले. अण्णांचे मत बदललेले नाही. खेळ कसा झाला असे विचारता, "ऐकायला चांगला झाला," एवढेच ते म्हणाले. पण पाय त्यांनी आखडून घेतले होते.

खेळ संपल्यावर शेपटी हातात धरून एक आठ वर्षांची मुलगी आपल्या आजीला सांगत होती, "आज्जी, मी यंदा खार नाही, वानर झालोय! पुढच्या वर्षी मी अंगद होणार." आमच्या कोल्हापुरात मुलीही मी आलो, मी गेलो असेच बोलतात, व्याकरणकारांनी आम्हांस क्षमा करावी. त्या वाक्यात आम्हांस साऱ्या उत्सवाचे मर्म सापडले. खार, वानर, अंगद, आणि कदाचित दहा वर्षांनी सीता किंवा राम : ही शिडी आहे. मोठ्या मांडवातील भव्य खेळात राम होता, रावण होता, हजारो वानरही होते; शिडीच्या खालच्या पायऱ्या तेवढ्या नव्हत्या.

येथे कोणी अशी शंका काढील की, या मापाने मोजू लागल्यास कलेचा दर्जा काय राहील? आईबापांच्या कौतुकावर पोसलेल्या कलेने उंची कशी गाठावी? शंका रास्त आहे, आणि प्रत्येक नृत्यप्रयोगात मुले असलीच पाहिजेत असा आमचा आग्रह नाही. एखाद्या नर्तकीने एकटीने दीड तास नाचावे आणि आम्ही निमूटपणे पाहावे, यातही परमसुख आहे. पण पंचांगातून येणाऱ्या कृतीचे काम निराळे आहे. तिने प्रेक्षक घडवावयाचा आणि पुढचा कलावंतही घडवावयाचा. दर्जा आभाळातून पडत नाही. तो खालच्या पायरीवरून वर चढतो. न्यूयॉर्कच्या त्या थोर नृत्यकाराच्या मुळाशी एक उंदीर होता. आमच्या गावचे केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा. कळत्या वयाच्या आधीच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले, आणि शारदेच्या भूमिकेने त्यांचे नाव झाले तेव्हा ते पोरसवदाच होते. बालगंधर्वांनाही किर्लोस्कर मंडळीत जागा मिळाली ती कोवळ्या वयात, आणि शाहू महाराजांच्या शब्दाने. कोणीतरी जागा केली म्हणून ही माणसे आपल्याला दिसली. आणि जागेचा हा हिशेब वयापुरताच नाही. ज्या रंगभूमीवर शारदा पुरुषाला करावी लागे, त्याच रंगभूमीच्या गावी आज राम मुलगी करते, ही केवढी वाढलेली जागा आहे!

मराठी रंगभूमीने स्वतःच्या एका लाडक्या कृतीस नवे रूप दिले त्याचा सर्वांत गाजलेला दाखलाही याच मापात बसतो. खाडिलकरांचे मानापमान १९११ सालचे. दहा वर्षांत ते घरोघर पाठ झाले होते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत, टिळक स्वराज्य फंडासाठी, त्याचा संयुक्त प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. संहिता जुनीच, चाली जुन्याच. नवे होते ते एवढेच की, दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या दोन मालकांनी एकमेकांसाठी एका रंगमंचावर जागा केली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर रोजी, केशवराव गेले. वय अवघे एकतीस. तो प्रयोग लोक शंभर वर्षे आठवीत राहिले.

केशवरावांचे नाव ज्या नाट्यगृहाला मिळाले ते शाहू महाराजांनी १९१५ साली पुरे केले. तेव्हा त्याचे नाव पॅलेस थिएटर होते. शेजारी त्यांनीच बांधलेले कुस्तीचे खासबाग मैदान. शरीराची तालीम आणि कलेची तालीम एका भिंतीच्या दोन बाजूंना असावी, ही त्या राजाची दृष्टी आम्हांस नेहमी मोठी वाटत आली आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्या नाट्यगृहास आग लागली. छप्पर गेले, रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या. दर्शनी दगडी बांधकाम उभे राहिले. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. त्या रात्री गावातील कलावंत आणि रसिक रस्त्यात उभे राहून रडले, त्यात आम्हीही होतो. नाट्यगृह होते तसेच पुन्हा उभे करावे, अशी मागणी गावाने एकमुखाने केली, आणि पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले.

होते तसेच, या दोन शब्दांत आमचा सारा विषय पुन्हा येऊन उभा राहतो. दगड होते तसे बसविता येतात, कमानी होत्या तशा वळविता येतात, आणि त्या वळवाव्यातच. पण ज्या रंगमंचावर आपण प्रेम केले तो केवळ लाकूड आणि दगड नव्हता. त्यावर थोर गवयी जसे उभे राहिले, तशी शाळांची संमेलनेही झाली. आज पन्नाशीत असलेल्या कितीतरी कोल्हापूरकरांनी प्रकाशझोतात डोळे दिपून आपले पहिले वाक्य विसरण्याचा अनुभव तेथेच घेतला असेल. तेव्हा होते तसे या मागणीत आम्ही एक भर घालू इच्छितो. उत्तम ध्वनियोजना असावी, अग्नीपासून संरक्षण असावे, हे सांगणे नलगे. पण एका लहान नृत्यवर्गाला पेलेल असे भाडेही असावे, आणि वर्षाचे काही दिवस शिकणाऱ्यांसाठी राखलेले असावेत. नाहीतर मूळच्या आकाराची वास्तू उभी राहील, आणि तिच्या खालच्या पायऱ्या मंगल कार्यालयांतच राहतील.

त्या वर्गात आम्ही पुढे एकदा गेलो, तेव्हा बाई नवमीचे सामान आवरून ठेवीत होत्या. मुकुट एका खोक्यात, धनुष्ये एका गोणपाटात, आणि वानरांच्या शेपट्या एका पत्र्याच्या पेटीत. शेपट्या जुन्या ब्लाउजपिसांच्या, आत कापूस भरलेल्या, टोकाला झिजलेल्या. प्रत्येक शेपटीच्या कमरपट्ट्याला आतल्या बाजूने पांढऱ्या कापडाची एक पट्टी शिवलेली होती, आणि तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने नावे लिहिलेली होती. शेपट्यांची अदलाबदल होऊन रडारड होऊ नये म्हणून. बाईंनी एक शेपटी आमच्या हातात दिली. तिच्यावर एकाखाली एक पाच नावे होती. पहिले नाव त्या वर्षी राम झालेल्या मुलीचे होते. पाचव्या नावाच्या खाली पट्टीवर अजून दोन-तीन नावांपुरती जागा होती, आणि ती संपली की नवी पट्टी लावता येते, असे बाई म्हणाल्या.